सारवणाखालची जमीन

नत्थूजी मिस्त्रीनं लोखंडी पहार, सब्बल, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि सभामंडपाच्या भुईवर उभी सोडली. टण्णकन आवाज झाला. टोक जेमतेम एक पेर आत गेलं आणि अडून राहिलं. त्यानं ती उपसली, चार पावलं पुढं सरकून पुन्हा सोडली. पुन्हा तसाच आवाज. असं करत तो गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून दारापर्यंत गेला, दारातून परत आला आणि कपाळावरचा घाम बोटानं निपटून म्हणाला,

“दगड हाय, दगड. इतकी पक्की मातीची भुई म्या कुठंच नाई पाह्यली. याच्यावर चार बोटं मुरूम, त्याच्यावर गिट्टी, आन सरळ फरशी. रामनवमीच्या आधी दोन दिवस मोकळे भेटतीन, पाहा.”

प्रभाकररावांचा चेहरा खुलला. मोटार स्टँडजवळ त्यांचं किराणा दुकान होतं, मागं चाळीस एकर वावर होतं, आणि राममंदिराच्या पंचकमिटीचं अध्यक्षपणही यंदा त्यांच्याकडंच होतं. वडील अण्णाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या नावानं देवळात शहाबादी फरशी बसवायची, हे त्यांनी तेराव्याच्या पंगतीतच जाहीर केलं होतं. ती फरशी आता जामच्या चौरस्त्यापर्यंत ट्रकनं आणि तिथून पुढं बैलगाड्यांनी येऊन देवळाच्या भिंतीला रचली होती. सिमेंटचा परवाना तिसऱ्या अर्जाला मिळाला होता. अण्णाजींच्या नावाचा दगडही हिंगणघाटहून कोरून आला होता. त्यावर तिथी होती, रामनवमी, शके एकोणीसशे. पाडव्याला अजून चार दिवस होते, म्हणजे ते शके लागायचंच होतं. पण दगड तयार होता.

“नत्थूजी, तिथं नाई. इकडं मारा.”

दोघांनी वळून पाहिलं. खांबाशी भागीरथाबाई उभी होती. साठीला टेकलेली, अंगानं बारकी, पण मनगटं बाप्याची असावीत तशी रुंद. ती मनगटं या भुईनंच केली होती. सभामंडप बांधला त्या वर्षापासून, म्हणजे एकतीस वर्षं, दर एकादशीला आणि प्रत्येक कीर्तनाच्या आदल्या दिवशी ही जमीन तीच सारवत आली होती. कोणी नेमलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा सुतकातली एक एकादशी तेवढी चुकली.

तिनं बोट दाखवलं ती जागा कीर्तनकाराच्या गादीच्या पुढं, डाव्या अंगाला होती. टाळकरी उभे राहतात तिथं. नत्थूजीनं तिच्या समाधानासाठी सब्बल उचलली आणि सोडली. टोक अर्धं पेरही गेलं नाही.

“घ्या,” तो हसला. “ही तं सगळ्यात पक्की निघाली.”

“वरून पक्की हाय. खाली पेव हाय.”

प्रभाकररावांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे लहान झाले. सभामंडपाची जागा त्यांच्याच वाडवडिलांच्या आंगणातली. अण्णाजींनी ती देवाला दिली तेव्हा आंगणात ज्वारी साठवायचं, जमिनीत खणलेलं एक जुनं पेव होतं. तोंड माणूस उतरेल एवढंच, आणि आत पोट खोलीएवढं.

“काकू, ते पेव तं बाबानं कवाच बुजवलं,” ते म्हणाले. “मी लहान होतो, तरी मले ध्यानात हाय.”

“बुजवाले मी होती, भाऊ. तुमी पाटीवर अक्षरं गिरवत होते तवा. कुटार टाकलं, राख टाकली, पऱ्हाट्या टाकल्या, आन वरून माती. पेव काई कुटारानं भरत असते?”

“म्हंजे माह्या बापानं देवाले पोकळ जमीन देली, असं म्हनता तुमी?”

भागीरथाबाईनं पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला.

“जमीन चांगलीच देली. बुजवाले घाई झाली. त्या साली बी रामनवमी तोंडावर होती.”

प्रभाकररावांनी नत्थूजीकडं पाहिलं. नत्थूजीनं सब्बलीच्या टोकाकडं पाहिलं. आवाज तर सगळीकडं पक्का येत होता, आणि मिस्त्री कानांवर विश्वास ठेवणार की बाईवर?

“उद्यापासून मुरूम टाका,” प्रभाकरराव म्हणाले आणि चपला पायात सरकवून निघून गेले.

*

दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली. भागीरथाबाई हापशीवर घागर भरायला गेली तर सुमित्राबाई आधीच दांडा हलवत उभी. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, त्यामुळं सुमित्राबाईला तिला काहीही बोलायची मुभा होती आणि ती मुभा ती वापरायची.

“काय वो, पेव दिसते म्हनते तुले?”

“दिसत नाई. हाय.”

“एकतीस वर्स नाई दिसलं. फरशी आली आन दिसलं.” सुमित्राबाईनं आपली घागर सरकवून भागीरथाबाईची धारेखाली लावली आणि पुन्हा दांडा हलवू लागली. “खरं सांग. फरशी बसली का तुहं शेन बंद. मंग एकादशीले कोन म्हनीन, भागीरथाबाईनं काय भुई सारवली, आरशासारखी? गावात हेच बोलून राह्यले सारे.”

“तू बी तेच बोलून राह्यली.”

“मी तोंडावर बोलतो, तेवढाच फरक.”

घागर भरली. भागीरथाबाईनं ती उचलली नाही. पाणी काठावरून सांडत राहिलं तरी ती तशीच उभी होती. मग तिनं घागर कमरेवर घेतली आणि चालू लागली. सुमित्राबाई मागून ओरडली, “रागावली का वो?” पण तिलाही कळलं, की हे रागाचं चालणं नाही.

घरी येऊन भागीरथाबाई सुपात तुरीची डाळ घेऊन बसली. डाळ पाखडता पाखडता तिच्या मनात आलं ते असं: गप्प बसावं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आपला दोष संपला. बसू द्यावी फरशी. दोन पावसाळे जातील. गादीच्या डाव्या अंगाच्या फरश्या आधी हलतील, मग दबतील. एखादी मोडेल. मग लोक म्हणतील, मातीच बरी होती बाप्पा. मग बोलावतील आपल्याला.

तिनं सूप खाली ठेवलं. न्हाणीत जाऊन हात धुतले. हात स्वच्छच होते. तरी तिनं ते पुन्हा धुतले, मनगटापर्यंत.

कारण आणखी एक गोष्ट होती आणि ती अजून तिनं कोणालाच सांगितली नव्हती. नत्थूजीला तिथं भुई सगळ्यात पक्की लागली, ती उगीच नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या जागी बशीएवढा खळगा पडला होता. तिनं चार ओंजळी मुरूम-माती आणली, पाणी घातलं, धोपटण्यानं धोपटली आणि वरून सारवलं. पुढच्या साली पुन्हा खळगा, पुन्हा ओंजळी. खाली कुटाराचा भुसा कुजत होता, भुई खचत होती आणि ती वरून भरत होती. दरसाल. कोणाच्या पायाला तो खळगा कधी लागला नाही. सहा वर्षांपूर्वी प्रेमदास महाराज रामजन्माच्या कीर्तनाला आले तेव्हा भर सभेत, वीणा खांद्यावर ठेवूनच म्हणाले होते, “गावोगाव नाचलो, पण पायाखाली अशी सपाट भूमी नाही भेटली. ही ज्या माउलीनं केली तिला माझा दंडवत.” सगळ्या बायकांनी मागं वळून पाहिलं होतं. भागीरथाबाईनं तोंडाला पदर लावला होता, आणि ते वाक्य तिनं सहा वर्षं जपलं होतं, लुगड्याच्या घडीत चांदीचा रुपया जपावा तसं.

आता तो दंडवत ज्या भुईसाठी केला होता तीच खोटी होती, हे आपल्या तोंडानं सांगायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी मुरमाची पहिली गाडी घेऊन आला तेव्हा मंडपातून घणाघाती आवाज येत होता. आत भागीरथाबाई होती. घरची सब्बल, पदर खोचलेला, पायाशी मातीचे वाटीएवढे तुकडे. गादीच्या डाव्या अंगाला तिनं सुपाएवढी जागा उकरली होती.

“माय, हे काय करून राह्यल्या?” नत्थूजी दारातच थबकला.

“तुमचं काम.”

पाच मिनिटांत माणसं जमली. काकड आरतीची माणसं अजून ओट्यावर होतीच. सुमित्राबाई आली. प्रभाकरराव दुकानाचं एकच कवाड उघडून तसेच धावत आले. त्यांच्या हातात दुकानाची किल्ली होती.

“काकू! देवाच्या भुईले सब्बल लावता? अन् तुमी?”

“मीच केली, मीच उकरतो,” ती म्हणाली. धाप लागली होती. “भाऊ, एक गोष्ट काल सांगाची राह्यली. ही जागा दरसाल खचते. म्या दरसाल भरली. तुमाले दिसली नाई, कारन म्या दिसू देली नाई. म्हून मिस्त्रीले पक्की लागली. हे सारं माह्या हातचं हाय, वीतभर, दीड वीत. त्याच्या खाली काय हाय ते पाहून घ्या. काई नसलं तं माहं तोंड काळं करा, आन बसवा फरशी.”

“एकतीस वर्स बोलल्या नाई?”

“नाई बोलली.” तिनं सब्बल पुन्हा उचलली. “माह्या हातची भुई दबते, हे सांगाची लाज वाटली.”

ओट्यावरून कोणीतरी हसलं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. नत्थूजी पुढं झाला, “द्या इकडं, मी मारतो,” म्हणाला. पण तिनं दिली नाही. तिनं घाव घातला. मग दुसरा. तिसऱ्याला आवाज बदलला. मिस्त्रीनं मान तिरपी केली. चौथा घाव तिनं सारं अंग टाकून घातला, आणि सब्बल तिच्या हातातून निसटली.

पडली नाही. गेली. माणसाच्या छातीएवढी उंच सब्बल त्या सुपाएवढ्या जागेतून सरळ खाली उतरली, आणि तिचं वरचं टोकही दिसेनासं झालं. आत कुठंतरी दबका आवाज झाला. मग त्या भोकातून कुजकट, ओलसर वास वर आला. पाऊस लागलेल्या कुटाराच्या ढिगाला येतो तसा.

नत्थूजी गुडघ्यावर बसला, भोकात हात घातला, खांद्यापर्यंत घातला. हात बाहेर काढला तेव्हा तो कोरडाच होता. बोटांना काही लागलंच नव्हतं.

प्रभाकरराव भोकाकडं पाहत राहिले. मग त्यांनी ज्या जागी ते उभे होते तिथून दोन पावलं मागं घेतली, अगदी हळू, जशी झोपलेल्या माणसाच्या उशाजवळून घेतात.

*

पुढचे अकरा दिवस देवळात देव सोडून सगळं बाहेर काढलं गेलं.

पेवाचं तोंड मोकळं केलं तेव्हा आत नऊ हात खोली निघाली. खाली काळा, भुसभुशीत थर, वर नुसती पोकळी, आणि त्या पोकळीवर भागीरथाबाईच्या हातचं दीड वीत झाकण. तो सगळा कुजका माल टोपल्यांनी उपसायला तीन दिवस लागले. आणि मग नत्थूजीनंही आपलं एक बाहेर काढलं. संध्याकाळी विडी पेटवताना तो भागीरथाबाईला म्हणाला,

“आता खरं सांगू का, माय? सारवनावर फरशी टाकाचीच नसते. शेन-काडी खाली राह्यली का वाळवी लागते, माती भुसभुशीत होते. आपली इकडची काळी जमीन त्याच्याहून वस्ताद. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. ती खोलवर काढाव लागते. पन प्रभाकररावनं तारीख कोरून आनली. म्हटलं, चला, चालते.”

“मंग काढा सारी.”

“सारी? गाभाऱ्यापासून दारापर्यंत?”

“एका जागी सब्बल गेली. बाकीची पक्की हाय, हे आता कोन सांगन?”

नत्थूजीनं विडी विझवली. दुसऱ्या दिवसापासून सारी भुई उकरायला लागली. कापलेल्या कडेला सारवणाचे थर दिसत होते, पोथीच्या पानांसारखे, पातळ, एकावर एक. भागीरथाबाई एकदा त्या कडेजवळ बसली, नखानं दोन थर सुटे केले आणि उठली.

“हे कुठं टाकू?” गाडीवाल्यानं विचारलं.

“माह्या वावरात. शेनच हाय ते, वाया काऊन घालवता?”

मग भरायला सुरुवात झाली. पेवाच्या तळाला नदीतले गोटे, त्यांच्या फटीत गिट्टी, वर वीतभर मुरूम, मग पाणी. पाणी मुरलं की धुम्मस. चार माणसं आळीपाळीनं ती जड धुम्मस उचलायची आणि सोडायची, तोंडानं रामनाम चालू, म्हणजे उचलायला ठेका मिळतो. थर बसला की पुन्हा वीतभर. भागीरथाबाई काठावर बसून असायची. तिसऱ्या थराला पोरं थकली आणि म्हणाली, झालं, आता एकदम हातभर टाकू.

“वीतभर,” ती म्हणाली.

“काकू, अशानं पुढची रामनवमी येईन.”

“येऊ द्या. देव काई पळून नाई चालला.”

भराई सुरू झाली तरी प्रभाकरराव पहिले दोन दिवस फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पेवाच्या काठावरून आत डोकावले. मग धोतर खोचून धुम्मशीला चौथे लागले. दुकानात बसणारा हात. दहा ठोक्यांत तळवे लाल झाले. भागीरथाबाईनं पाहिलं आणि पाण्याची घागर त्यांच्या बाजूला सरकवली.

पाडवा झाला. फरशी रामनवमीला बसत नाही, हे पाडव्याच्या दिवशीच सगळ्यांना कळून चुकलं. नत्थूजी म्हणाला, नुसता मुरूम बसवून ठेवू, एक महिना लोकांच्या पायाखाली राहू द्या, मग फरशी. अण्णाजींच्या नावाच्या दगडाचं काय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. प्रभाकररावांनीच तो पोत्यात गुंडाळून दुकानात नेऊन ठेवला.

*

अष्टमीच्या दिवशी उन्हं कलताना मंडप झाडून तयार झाला. लाल मुरूम एका पातळीत बसलेला, पाण्याच्या नळीनं चारी कोपऱ्यांची उंची मिळवलेली. बायका रांगोळीचे डबे घेऊन आल्या. सगळ्यात पुढं सुमित्राबाई, डोक्यावर घमेलं, घमेल्यात कालवलेलं शेण. तिच्यामागं प्रभाकरराव.

“काकू,” ते म्हणाले, “म्या त्या दिवशी लय बोललो तुमाले.”

“बोलले. मंग?”

“आता एक हात सारवून द्या. मुरूम टोचीन महाराजाच्या पायाले. अन् पुढच्या साली फरशी राहीन. तुमच्या हातचं हे शेवटलं. साऱ्या गावाचं म्हननं हाय.”

सुमित्राबाईनं घमेलं खाली ठेवलं. शेण छान मळलं होतं, ना पातळ ना घट्ट. भागीरथाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप अर्धी वाकली, सारवताना वाकतात तशी. तिनं तो हात डाव्या हातात धरला.

“नाई.”

“काऊन? राग हाय का अजून?”

“राग कायचा, भाऊ. आज सारवलं तं उद्या दबते का नाई, कोनाले दिसीन? एकतीस वर्स तेच केलं म्या. आता उघडी राहू द्या. दबली तं दबू द्या साऱ्याच्या डोळ्यापुढं, म्हंजे नत्थूजीले भरता येईन.”

प्रभाकररावांनी होकारार्थी मान हलवली. सुमित्राबाई मात्र घमेल्याशी कमरेवर हात ठेवून उभी.

“मंग या इतक्या शेनाचं मी काय करू वो?”

“गोवऱ्या थाप.”

बायका हसल्या. सुमित्राबाईही हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले, घमेलं डोक्यावर घेताना म्हणाली, “जिद्दी हाय, मेली.”

*

नवमीला दहाच्या सुमाराला प्रेमदास महाराज गादीवर उभे राहिले. पंचा सावरला, वीणा घेतली, एक पाऊल पुढं टाकलं आणि खाली पाहिलं. तळव्याला खडा लागला होता. तो त्यांनी काढला, हातात धरून सभेला दाखवला आणि म्हणाले, “रामराया वनवासात अनवाणी चौदा वर्षं चालला. आम्हाला तुम्ही निदान एका कीर्तनापुरतं तरी चालवलंत, ही तुमची कृपा.” सभा हसली. मृदंगावर थाप पडली आणि कीर्तन लागलं.

आणि काय लागलं! पूर्वरंगातच लोक डोलू लागले. महाराजांचा आवाज वरच्या पट्टीला गेला की मंडपाचे पत्रे थरथरतात, असं गावात म्हणत, आणि त्या दिवशी ते खरंच थरथरले. कौसल्येच्या महालातली ती सकाळ, ती शांतता, दासींची लगबग, सगळं त्यांनी असं उभं केलं की बायकांनी आपोआप आवाज लहान केले, जसं काही शेजारच्या खोलीत खरंच कोणी बाळंतीण आहे.

भागीरथाबाई बायकांत, खांबाशी बसली होती. ती ऐकत होती. पण तिचं लक्ष दुसरीकडं जायला लागलं होतं, आणि एकदा गेल्यावर ते परत येईना.

मंडप भरला होता. दारात माणसं उभी होती, ओट्यावर उभी होती, लेकरं मांडीवर घेऊन बायका एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मुंगीला वाट नव्हती. फक्त गादीच्या डाव्या अंगाला एक गोल जागा रिकामी होती. कोणी आखली नव्हती. टाळकरी रोजच्या जागेवरून चार हात उजवीकडं सरकून, एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून उभे होते. एक लेकरू रांगत त्या गोलात शिरलं, तर आईनं झडप घालून त्याला ओढून घेतलं. त्या लाल मुरमावर सकाळपासून एकाही पावलाचा ठसा नव्हता. साऱ्या गावानं ती सब्बल जाताना पाहिली होती, किंवा पाहिलेल्याकडून ऐकलं होतं.

नत्थूजी दाराशी उभा होता. त्याचीही नजर तिथंच होती. अकरा दिवसांचं काम समोर होतं आणि त्यावर पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं. प्रभाकरराव पाळण्याची दोरी हातात घेऊन बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी त्या गोलाकडं एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

बाराला थोडं कमी असताना महाराज थांबले. सगळी सभा उठून उभी राहिली. हातात फुलं, गुलाल. मृदंग हळूहळू दाटत गेला.

भागीरथाबाई उठली ती थेट चालायलाच लागली. बायकांतून वाट काढत, पुरुषांच्या बाजूला, टाळकऱ्यांच्या पुढून. एकतीस वर्षांत ती कीर्तनात कधी जागेवरून हलली नव्हती. सुमित्राबाईनं तिचा पदर धरला. पदर हातातून निसटला. ती त्या गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

बारा वाजले. पाळणा हलला, फुलं उडाली, रामनामाचा एकच गजर झाला, आणि भागीरथाबाईनं दोन्ही हात वर केले आणि उडी मारली. म्हातारीची उडी ती, वीतभरही उंच नाही. पण टाचांवर सारा भार देऊन. मग दुसरी. मग तिसरी. डोळे मिटलेले नव्हते तिचे. ती खाली पाहत होती.

प्रभाकररावांनी पाळण्याची दोरी शेजारच्याच्या हातात दिली आणि ते त्या गोलात शिरले. एक पाय ठेवला, थांबले, मग दुसरा ठेवला. मग त्यांनीही हात वर केले. त्यांच्यामागून टाळकरी आले, एक, दोन, मग सगळेच. महाराज वीणा घेऊन गादीवरून उतरले आणि त्यांच्यात मिसळले. गुलालाच्या धुरळ्यात कोण कोणाचा पाय तुडवतं हे कळेना. नत्थूजी दारातून लोकांना बाजूला सारत आत घुसला, आणि बघता बघता तोही उड्या मारू लागला, पहिल्यांदा मिस्त्रीसारखा, एकेका जागी थांबून थांबून, आणि मग बाकीच्यांसारखा.

गजर ओसरला तेव्हा लोक सुंठवड्यासाठी पुढं सरकले. भागीरथाबाई तिथंच खाली बसली. छाती भात्यासारखी हलत होती. तिनं मुरमावरचा गुलाल तळहातानं बाजूला केला. टाचांचे ठसे होते, शेकड्यांनी, एकमेकांवर, आणि सगळे सारख्याच खोलीचे. तिनं तळहात पसरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढत नेला, सावकाश, सारवताना नेतात तसा. कुठं अडला नाही. कुठं उतरला नाही.

मग तिनं मान वर केली आणि पाळण्याकडं पाहिलं.